लॅरी ग्रॅहम: अंगठ्यात फंक, हातात बायबल

खर्ज

सोल-फंकवाला, म्हणजे अमेरिकी काळ्यांचं ठेक्याचं संगीत करणारा, माणूस देवाकडे वळला की पुढची गोष्ट बहुधा ठरलेली. लिटल रिचर्डने १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात अंगठ्या काढून पाण्यात भिरकावल्या, रॉक अँड रोल सोडलं आणि थेट बायबल शिकायला कॉलेज गाठलं. सोल गायक अल ग्रीनने १९७६ मध्ये मेम्फिसला स्वतःचं चर्चच काढलं. जुनी गाणी पाप ठरतात, गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, रेकॉर्डी निघतात, आणि मग पोटापाण्यासाठी म्हणा किंवा हौसेपोटी म्हणा, जुनी गाणी हळूच परत येतात. नाट्य भरपूर, म्हणून आपण या गोष्टी चवीने सांगतो.

फंकचा बेस गिटारवादक आणि गायक लॅरी ग्रॅहम याच्या गोष्टीत असलं काही नाही. १९७५ मध्ये, बँड ऐन भरात असताना, तो यहोवाचा साक्षीदार झाला, म्हणजे घरोघर फिरून बायबलचा प्रचार करणाऱ्या पंथात गेला. त्यासाठी बँड मोडला नाही, बेस खाली ठेवला नाही, गॉस्पेल गायकही झाला नाही. रात्री फंक, दिवसा लोकांच्या दारावर टकटक. अंगठ्या फेकणाऱ्यांपेक्षा मला हा माणूस जास्त कोड्यात टाकतो, म्हणून हा धागा.

आधी अंगठ्याचं सांगतो. जन्म १४ ऑगस्ट १९४६, टेक्सासमधल्या बोमाँटला. वाढला कॅलिफोर्नियात, ओकलंडला. आई डेल ग्रॅहम पियानो वाजवायची, गायची, क्लबांमधून कार्यक्रम करायची. पंधराव्या वर्षी पोरगं आईच्याच त्रिकुटात गिटार घेऊन उभं राहिलं. एका क्लबात ऑर्गन होता आणि त्याला खर्जाचे सूर पायाने वाजवायची सोय होती. लॅरी हाताने गिटार आणि पायाने खर्ज असं दोन्ही सांभाळू लागला. मग ऑर्गन बिघडला. तळाचा भरीव सूर एकदम गेल्यावर सगळं पोकळ वाटायला लागलं, म्हणून त्याने सेंट जॉर्ज कंपनीचा एक बेस गिटार भाड्याने आणला. ऑर्गन दुरुस्त झाला की परत करायचा असा बेत होता. ऑर्गन काही दुरुस्त झाला नाही.

पुढे आईने ड्रमरशिवायच कार्यक्रम करायचं ठरवलं. राहिले मायलेक दोघं, पियानो आणि बेस. आता ताल कोण धरणार? लॅरीने जाड तारेवर अंगठा आपटायला सुरुवात केली, ती पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या जागी. आणि बारीक तार तर्जनीने खालून ओढून फाटकन सोडायची, ती स्नेअरच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या छोट्या ड्रमच्या, जागी. बेस हे आपलं कायमचं वाद्य नव्हेच असं तो धरून चालला होता, त्यामुळे ‘बरोबर बेस कसा वाजवतात’ हे शिकायच्या भानगडीतच पडला नाही. आज जगभर ज्याला स्लॅप बेस म्हणतात तो हा. तो स्वतः त्याला ‘थम्पिंग अँड प्लकिंग’ म्हणतो.

त्या मायलेकांना ऐकायला येणारी एक बाई रेडिओचीही भक्त होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएसओएल स्टेशनवर स्लाय स्टोन नावाचा डीजे होता. त्याला ती फोनवर फोन करत राहिली की या पोराला एकदा ऐका. शेवटी तो आला, त्याने ऐकलं आणि आपल्या नव्या बँडमध्ये घेतलं. स्लाय अँड द फॅमिली स्टोन. काळे-गोरे एकत्र, बायका-पुरुष एकत्र, आणि बायका नुसत्या कोरसला नव्हे: सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेट वाजवायची, रोझ स्टोन कीबोर्ड. १९६८ मध्ये ‘डान्स टू द म्युझिक’ गाजलं. त्यात एकेक वाद्य आपली ओळख करून देत आत येतं आणि लॅरी आपल्या त्या खोल आवाजात सांगतो की आता मी जरा तळ भरतो. १९६९ मध्ये ‘एव्हरीडे पीपल’ पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गाण्यात बेस जवळजवळ पूर्ण वेळ एकाच सुरावर आहे. एकच सूर, पण काढून बघा, गाणं खाली बसतं. त्याच ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात भल्या पहाटे, लोक चिखलात पेंगत असताना, या मंडळींनी त्यांना उठवून नाचवलं. डिसेंबरात ‘थँक्यू (फलेटिनमी बी माइस एल्फ अगेन)’ आलं आणि तो आपटलेला अंगठा घराघरांत पोचला.

मग उतरण. १९७१ चा ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’ अल्बम ऐका. समीक्षक त्याला डोक्यावर घेतात, आणि घ्यावाच. पण तो बँडचा अल्बम राहिलेला नाही. स्लाय अमली पदार्थांत बुडालेला, ताल मशीनवर, वादक एकेकटे येऊन आपापला भाग वाजवून जाताहेत, बऱ्याच ठिकाणी बेसही स्लायनेच वाजवलेला. शेवटी ‘थँक्यू’ पुन्हा येतं, शब्द तेच, गती मात्र अशी की कुणीतरी पाय ओढत चाललंय. स्लायभोवती गुंडांचा गराडा, वादकांत दोन तट, मारामाऱ्या. १९७२ च्या शेवटी लॅरी बाहेर पडला. त्याला बायकोसकट हॉटेलच्या खिडकीतून निसटावं लागलं, असं तेव्हाची मंडळी सांगतात.

बाहेर पडून त्याने स्वतःचा बँड काढला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून नाव घेतलं, ग्रॅहम सेंट्रल स्टेशन. १९७४ मध्ये एकाच वर्षात दोन अल्बम. १९७५ च्या तिसऱ्या अल्बममधलं ‘युअर लव्ह’ आर अँड बीच्या यादीत पहिलं आलं. आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. फंकचं मूळ काळ्यांच्या चर्चमध्ये आहे हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. स्लाय आणि त्याची भावंडं लहानपणी चर्चमध्येच गात, १९५२ मध्ये त्यांची गॉस्पेलची छोटी रेकॉर्डसुद्धा निघाली होती. टाळ्या, प्रवचनकाराने हाक द्यायची आणि मंडळीने ओ द्यायची, ऑर्गनचा वाढत जाणारा आवाज, अंगात येणं, सगळं तिथलंच. म्हणजे अल ग्रीन चर्चला गेला तेव्हा तो घरी गेला. लॅरी मात्र अशा पंथात गेला जिथे ना ऑर्गनची आतषबाजी, ना कॉयरचा धुडगूस, ना कुणी उठून नाचणार. राज्य सभागृहात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, माणसं नीटनेटक्या कपड्यांत बसतात, पुस्तक उघडतात, परिच्छेद वाचतात, प्रश्नोत्तरं करतात, ठरलेली गीतं शांतपणे गातात. फंकच्या दृष्टीने याहून कोरडी जागा शोधून सापडणार नाही! ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना खुर्चीतून उठवलं, तो स्वतः खुर्चीत बसून शिकायला गेला.

माझा तर्क असा की त्याला नेमकं तेच हवं होतं. उन्माद त्याने स्लायच्या बँडमध्ये पोटभर पाहिला होता. धर्मातूनही पुन्हा उन्मादच मिळणार असेल तर काय उपयोग? त्याने उन्माद धंद्यात ठेवला आणि धर्मात शिस्त. चूक की बरोबर ते तुम्ही सांगा.

१९८० मध्ये ‘वन इन अ मिलियन यू’ आलं, सॅम डीजने लिहिलेलं साधं प्रेमगीत. स्लॅप नाही, काही नाही, नुसता तो खोल आवाज. अमेरिकेच्या मुख्य यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. बेसवाले अजून कुरकुरतात. पुढे १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, काही वर्षं जमैकात मुक्काम, आणि मग १९९७ मध्ये नॅशव्हिलला पॉप-फंकचा बडा गायक प्रिन्स याची गाठ. तो वेगळाच अध्याय. खाली प्रतिसादांत निघेलच म्हणून इथे थांबतो.

मृद्गंधा

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. मला फंकमधलं ओ की ठो कळत नाही तरी एका दमात वाचलं. ते ‘यहोवाचे साक्षीदार’ म्हणजे आमच्याकडे ठाण्याला रविवारी सकाळी दोघं-दोघं येतात तेच का? हातात ‘टेहळणी बुरूज’ नावाचं त्यांचं नियतकालिक असतं, शुद्ध मराठीत बोलतात. सासूबाई त्यांना सरबत देतात आणि मग स्वतःच गीतेवर बोलायला लागतात. ते बिचारे निमूट ऐकून घेतात.

खर्ज

तेच हो. सरबताचं ऐकून बरं वाटलं, बहुतेक ठिकाणी दारच लावून घेतात. थोडक्यात सांगतो. १८७० च्या दशकात पिट्सबर्गमध्ये चार्ल्स टेझ रसेलच्या बायबल अभ्यासगटातून हे सुरू झालं, आताचं नाव १९३१ पासूनचं. देव एकच, यहोवा. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत, त्यामुळे बाकीचे बरेच ख्रिस्ती त्यांना आपल्यात धरत नाहीत. नाताळ नाही, वाढदिवस नाही, मतदान नाही, सैन्यात जाणं नाही, रक्त घेणं नाही. पगारी धर्मगुरू नाहीत, प्रत्येकाने प्रचाराला बाहेर पडायचं.

भारतात त्यांचं नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. केरळात १९८५ मध्ये तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण गात नसत, म्हणून शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्या. चिन्नप्पा रेड्डींचा तो निकाल सहिष्णुतेबद्दलच्या वाक्यांमुळे अजून उद्धृत होतो.

आता कल्पना करा, नाताळ नाही, वाढदिवस नाही, पार्ट्या नाहीत, आणि माणूस फंक बँड चालवतोय.

चिंचपोकळीचा बेसवाला

धागा उत्तम. ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं बेस वाजवतोय, तेव्हा थोडं तांत्रिक.

स्लॅप म्हणजे ‘तारेला मारणं’ एवढंच समजून नवी पोरं अंगठा सोलून घेतात. अंगठ्याच्या पेराची हाडाची बाजू तारेवर पडायला हवी, आणि तीही जिथे गळ्याच्या पट्ट्या संपतात त्याच्या आसपास. तार खाली जाऊन धातूच्या पट्टीवर आदळते, तो जो ‘टक्’ आवाज मिसळतो तोच खरा माल. हात मनगटातून फिरतो, कोपरातून नाही. ओढायच्या तारेला बोट जास्त खोल घातलं की अडकतं, नुसतं टोक हवं. आणि सगळ्यात मोठं काम डाव्या हाताचं: न वाजणाऱ्या तारा झाकून ठेवणं. मधले ते मुके ‘टुक टुक’ ठोके असतात ना, ते सगळे डाव्या हाताचे.

ढोलकीवाल्याला मी हे एका मिनिटात समजावतो. अंगठा म्हणजे धुमाची बाजू, ओढलेली तार म्हणजे चाट. तो लगेच डोलायला लागतो.

एक आक्षेप आहे. ‘लॅरीने शोध लावला’ हे इलेक्ट्रिक बेसपुरतंच म्हणावं. उभ्या मोठ्या बेसवर न्यू ऑर्लिन्सचे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तारा ओढून आपटत होते, नंतर रॉकाबिलीवाले. आणि बेसवादक लुई जॉन्सनने आपला वेगळा, जास्त आक्रमक स्लॅप काढला. मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’वर बेस त्याचाच आहे, तिथे मात्र स्लॅप नाही.

खर्ज

बेसवाले, मान्य. उभ्या बेसवर ते होतंच. लॅरीचं वेगळेपण मला असं दिसतं की त्याने एक बेपत्ता ड्रमर भरून काढला. म्हणून त्याच्या स्लॅपमध्ये कसरत कमी आणि ठेका जास्त. नंतरच्यांच्यात कधीकधी उलटं होतं.

ढब्बू पैसा

लेख आवडला, पण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत का? १९७५ हे साल. साक्षीदारांच्या इतिहासात हे वर्ष कुप्रसिद्ध आहे. १९६६ मध्ये संस्थेच्याच एका पुस्तकात हिशोब मांडला होता की मानवाच्या निर्मितीला १९७५ च्या शरद ऋतूत सहा हजार वर्षं पूर्ण होतात. त्यावरून अनुयायांनी काय तो अर्थ काढला. लोकांनी घरं विकली, नोकऱ्या सोडल्या, सभासद भराभर वाढले. १९७५ आलं आणि गेलं. मग कित्येक जण बाहेर पडले. तुमचा लॅरी नेमका त्याच लाटेत आत आला. ‘शिस्त हवी होती’ वगैरे ठीक आहे, पण जग बुडणार म्हणून होडीत उडी मारणारेही तेव्हा कमी नव्हते.

खर्ज

गाळलं नव्हतं, लेख लांबला म्हणून राहिलं. साल जुळतंय हे खरं. लॅरीच्या मनात तेव्हा जगबुडी होती की काय हे मी कुठून सांगणार? पण लाटेत आलेले लाटेबरोबर गेले असं तुम्हीच म्हणताय, आणि हा गेला नाही. १९७६ उजाडलं, जग जागेवरच होतं, आणि त्याने ‘मिरर’ नावाचा पुढचा अल्बम काढला. पन्नास वर्षं टिकलेल्या गोष्टीचं कारण पहिल्या वर्षात शोधण्यात फार अर्थ नाही असं मला वाटतं.

आणि सोडून जाण्याचंच म्हणाल तर मायकल जॅक्सन बघा. आईमुळे तो त्याच पंथात वाढला. ‘थ्रिलर’चा व्हिडिओ आला तेव्हा मंडळीत बोभाटा झाला, म्हणून सुरुवातीला पाटी टाकावी लागली की माझ्या श्रद्धेमुळे मी जादूटोण्याला पाठिंबा देत नाही. १९८७ मध्ये त्याने संबंध तोडले. लॅरीवर तशी पाटी टाकायची वेळ आली नाही, कारण त्याच्या गाण्यांत भुतं नव्हती आणि चावटपणाही बेताचाच.

ढब्बू पैसा

‘बेताचाच’ हे आवडलं.

मिनिआपोलिसकर

प्रिन्सचा विषय निघणारच होता, तर इथला एक किस्सा सांगतो. २००३ मध्ये इथल्या वर्तमानपत्रात छापून आला होता. ईडन प्रेअरी हे आमच्या बाजूचं उपनगर. एका ज्यू घरात योम किप्पूरच्या तोंडावर, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवसाच्या आदल्या दिवशी, दारावर टकटक. दार उघडलं तर समोर प्रिन्स आणि त्याच्याबरोबर लॅरी ग्रॅहम. बाईंना आधी वाटलं की शूटिंगसाठी घर हवंय. तर हे आत येऊन बसले आणि बायबल काढलं. बाई म्हणाल्या, हे ज्यू घर आहे. तरी पाहुण्यांनी आपलं म्हणणं पूर्ण केलं, पत्रिका दिली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी निघाले.

ज्याला बघायला लोक शेकडो डॉलर मोजायचे तो माणूस फुकट घरी येतो आणि त्याला कसं घालवायचं हा प्रश्न पडतो!

प्रिन्सचं घर-स्टुडिओ पेझ्ली पार्क आता संग्रहालय आहे, चॅनहॅसनला. पाहुणे आले की आमची तिथे फेरी ठरलेली. गाइड लॅरीचं नाव आवर्जून घेतात.

मृद्गंधा

माझ्या सासूबाईंनी प्रिन्सलाही गीताच ऐकवली असती.

सीमोल्लंघन

सगळे लॅरीचं कौतुक करताहेत, तर मी थोडा सूर बिघडवते. मी प्रिन्सची चाहती, शाळेपासूनची. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये प्रिन्स आणि त्याची बायको माइते गार्सिया यांचं पहिलं बाळ जन्मानंतर काही दिवसांतच गेलं. दोघंही कोसळलेली. आणि वर्षभराच्या आत लॅरी ग्रॅहम आयुष्यात येतो, पाठोपाठ चॅनहॅसनलाच राहायला येतो, दिवसरात्र बायबलचा अभ्यास सुरू होतो. नवरा-बायकोत आधीच दरी होती, ती वाढतच गेली. माइतेने २०१७ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्यात लॅरीबद्दलची कटुता लपत नाही. शोकात असलेल्या माणसाला उत्तरं देणारा कुणीतरी भेटतो तेव्हा त्याला ‘मार्गदर्शक’ म्हणायचं की आणखी काही, हे बाहेरून ठरवणं इतकं सोपं नाही.

गाण्यांचंही बघा. १९८४ च्या ‘डार्लिंग निकी’मुळे राजकारणी अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर चवताळल्या आणि पुढे रेकॉर्डींवर पालकांसाठी इशाऱ्याचं लेबल आलं. तो माणूस नंतर स्वतःचीच अर्धी गाणी गायचा बंद झाला. ‘द क्रॉस’ हे त्याचं एवढं सुंदर गाणं, ते ‘द क्राइस्ट’ म्हणून बदलून गायला लागला, कारण साक्षीदार क्रूस मानत नाहीत.

खर्ज

सीमाताई (ताई म्हटलं तर चालेल ना), बाळाचं आणि माइतेचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि ते मांडायला हवंच होतं. तिच्या बाजूने बघितलं तर हा माणूस घरात घुसलेला तिसरा आहे, आणि तिला तसं वाटण्यात काही गैर नाही.

मात्र प्रिन्सला कुणी बोटाला धरून नेलं असं मला पटत नाही. एक तर तो लहानपणी सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेन्टिस्टांत वाढलेला. तो पंथ आणि साक्षीदार, दोघांची मुळं १९व्या शतकातल्या ‘ख्रिस्त लवकरच येतोय’ या अमेरिकी लाटेत. म्हणजे ही भाषा त्याच्या कानावर आधीपासून होती. दुसरं, देव आणि शरीर एकाच गाण्यात कोंबणं हा त्याचा जुना छंद, लॅरीच्या कितीतरी आधीचा. तिसरं, त्याने स्वतःच सांगितलंय की दोन वर्षं लॅरीशी वाद घातला. २००१ चा ‘द रेनबो चिल्ड्रन’ ऐकलात तर तो वाद संपल्याचं कळतं. मला स्वतःला तो अल्बम अर्धाच आवडतो. बँड अप्रतिम वाजतो आणि मग मध्येच तो जाड केलेल्या आवाजात प्रवचन सुरू करतो.

आणि इथेच दोघांतला फरक दिसतो. प्रिन्सला नवा धर्म गाण्यात ओतल्याशिवाय राहवलं नाही. लॅरीने तो बराचसा गाण्याबाहेर ठेवला. १९९९ मध्ये प्रिन्सच्या मदतीने ग्रॅहम सेंट्रल स्टेशनचा ‘जीसीएस २०००’ आला, तिथेही प्राधान्य नाचण्यालाच.

ढब्बू पैसा

प्रिन्सच्या मृत्यूबद्दलही कायकाय वाचलं होतं. कंबरेचं ऑपरेशन, रक्त नको म्हणणं वगैरे.

खर्ज

वावड्या आहेत, इथे नकोत. अधिकृत नोंद एवढीच: २१ एप्रिल २०१६, पेझ्ली पार्क, चुकून झालेला फेंटानिलचा अतिरेक.

जुनाजाणता

वाचताना राम जोशी आठवले. सोलापूरचे, अस्सल शृंगारिक लावण्या रचणारे, तमाशाचा फड गाजवलेले, आणि पुढे मोरोपंतांच्या आर्या घेऊन कीर्तनाला उभे राहिलेले. आपल्याकडे हा रस्ता काही नवा नाही.

खर्ज

जुनाजाणता, राम जोशी अल ग्रीनच्या रांगेतले, फडावरून थेट व्यासपीठावर. लॅरी संध्याकाळी फडावर आणि सकाळी व्यासपीठाच्या समोरच्या सतरंजीवर. पण नाव काढलंत ते छान केलंत, त्यांच्यावर वेगळा धागा काढाच.

चिंचपोकळीचा बेसवाला

त्याचं एक दृश्य राहिलं. पांढरा सूट, पांढरी टोपी, पांढरा बेस. आणि बेसलाच मायक्रोफोन बसवलेला, वाकड्या दांडीवर. त्यामुळे स्टँडपाशी उभं राहायची गरज नाही, गात-वाजवत सरळ प्रेक्षकांत उतरतो. बेसवाल्याला स्टेजवर कोण विचारतं हो? आम्ही ड्रमच्या शेजारी, अंधारात. याने बेसवाल्याला पुढे आणलं, आमच्यासाठी धर्म-बिर्म सगळं त्यातच आलं.

सीमोल्लंघन

ताई चालेल. आणि तो प्रवचनाचा आवाज मलाही सहन होत नाही, या एका मुद्द्यावर आपली युती.

पण लॅरीने धर्म गाण्याबाहेर ठेवला हे अर्धंच खरं वाटतं. त्याची गाणी तुलनेने आधीपासूनच सोज्वळ होती. पहिल्या अल्बममधलं ‘हेअर’ ऐका, केसांवरून माणसाची परीक्षा करू नका असा उपदेश आहे. माणूस मुळातच उपदेशक, पंथ नंतर मिळाला.

खर्ज

हे मात्र मला सुचलं नव्हतं. ‘हेअर’ १९७४ चं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीचं. आणि ‘रिलीज युअरसेल्फ’ हेही तसं प्रवचनच. बरोबर आहे तुमचं.

मिनिआपोलिसकर

९ जून २०२५ ला स्लाय गेला, ८२ वर्षांचा होऊन. १९९३ चा हॉल ऑफ फेमचा सोहळा पुन्हा लावला होता. फंकवाल्या जॉर्ज क्लिंटनने नाव पुकारलं, बँडची जुनी मंडळी स्टेजवर आली, लॅरी त्यात होताच. स्लाय येणार की नाही कुणालाच माहीत नाही. मग उशिरा कुठूनसा उगवला, दोन वाक्यं बोलला आणि गेला. २० वर्षांपूर्वी ज्याच्यापायी खिडकीतून पळावं लागलं त्याच्या शेजारी लॅरी शांतपणे उभा होता.

मृद्गंधा

माझ्यासारख्या नवख्या माणसाने सुरुवात कुठून करायची ते सांगा. एकच गाणं नको, तीन-चार सांगा.

खर्ज

‘थँक्यू’ आधी, १९६९ चं. लगेच त्यामागे ‘रायट’वरची त्याची संथ आवृत्ती, म्हणजे दोन वर्षांत काय बिघडलं ते कानाला कळेल. मग ग्रॅहम सेंट्रल स्टेशनचं ‘द जॅम’. त्यात एकेक वादक आपली कला दाखवून जातो आणि लॅरीची पाळी येते तेव्हा फझ (आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावलेला बेस अक्षरशः गुरगुरतो. चौथं ‘वन इन अ मिलियन यू’, सासूबाईंनाही ऐकवू शकाल. २०१२ चा ‘रेज अप’ अल्बम सगळ्यात शेवटी, त्यात काही गाण्यांवर प्रिन्स पाहुणा आहे.

चिंचपोकळीचा बेसवाला

आणि ‘पाऊ’ विसरलात? १९७८ चं! ते वाजवता येईपर्यंत आमच्या उस्तादांनी आम्हाला स्लॅप करतो असं म्हणूच दिलं नव्हतं. मृद्गंधाताई, हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बेस येतच नाही आणि मग लोक म्हणतात यात एवढं काय.